मदत हवी आहे: गोव्यात भरतकामाचे आणि क्रोशाचे सामान हातात घेऊन पाहता येईल अशी दुकाने

नमस्कार.

यजमानांच्या बदलीमुळे आम्ही यंदा जूनच्या सुरुवातीला पुण्याहून पर्वरीला राहायला आलो. पावसाचे चार महिने घर लावण्यात आणि कपाटांतली बुरशी पुसण्यात गेले. आता हात जरा मोकळे झाले आणि भरतकामाची पेटी उघडली, तेव्हा लक्षात आले की या भागात सुईदोरा कुठे मिळतो हेच मला ठाऊक नाही. भाजी, मासळी, औषधे, गॅस यांची माहिती शेजाऱ्यांनी पहिल्याच आठवड्यात आपुलकीने दिली होती. मात्र भरतकामाचे दोरे कुठे मिळतील असे विचारले की बहुतेक जण क्षणभर थांबतात आणि साडीला फॉल-पिको करून देणाऱ्या बाईंचे घर दाखवतात.

पुण्यात हा प्रश्न कधी पडला नाही. तुळशीबागेत शिरायचे, तिथे मनासारखे मिळाले नाही तर रविवार पेठेत बोहरी आळी गाठायची, आणि दोन्हीकडे निराशा झाली तर दोष आपल्याच हट्टाचा मानायचा, अशी आमची रीत होती. तिथल्या दुकानांत दोऱ्यांच्या लडी रंगांच्या क्रमाने लावलेल्या असत आणि आपले कापड काउंटरवर पसरून एकेक लडी त्यावर ठेवून पाहिली तरी कोणी कपाळाला आठ्या घालत नसे. मी शोधते आहे ते नेमके असे दुकान. मोठे, नावाजलेले किंवा स्वस्त असण्याची मुळीच अट नाही.

अडचण अशी आहे की मॅटीच्या, म्हणजे चौकटीदार विणीच्या, कापडावर फुलीच्या टाक्याने भरलेला एक टेबलक्लॉथ माझ्याकडे अर्धवट पडून आहे. तीन बाजूंची पानांची किनार भरून झाली आहे, चौथी राहिली आहे आणि पानांचा हिरवा दोरा संपला आहे. दोरा अँकर कंपनीचा आहे एवढे नक्की आठवते, पण लडीवरचा रंगाच्या आकड्याचा कागद केव्हाच गहाळ झाला. सहा पदरांतले दोन पदर घेऊन मी भरते, आणि एका लडीत 8 मीटर दोरा असतो त्या हिशेबाने मला साधारण चार लडी लागतील. ज्यांनी हे काम केले आहे त्यांना सांगायला नको की हिरव्यात जितक्या छटा असतात तितक्या दुसऱ्या रंगात क्वचितच डोळ्यांना छळतात. एका संकेतस्थळावर चित्र पाहून मी तीन लडी मागवल्या होत्या. पडद्यावर त्या तंतोतंत दिसत होत्या, घरी आल्या तेव्हा त्यांत स्पष्ट पिवळी झाक निघाली आणि उघडलेला माल परत घेता येत नाही असे उत्तर मिळाले. त्यामुळे घरपोच मागवण्याचा सल्ला कृपया देऊ नये. आकडा ठाऊक असलेल्या दोऱ्यासाठी ती सोय उत्तम आहे, पण माझ्यापाशी आकडाच नाही.

दुसरी गरज क्रोशाच्या दोऱ्याची आहे. मला पांढरा, मर्सराइझ केलेला (प्रक्रिया करून चमक आणलेला), 40 नंबरचा बारीक दोरा आणि त्याला चालेल अशी पोलादी सुई हवी आहे. इथे एका स्टेशनरीच्या दुकानात क्रोशाचा दोरा मागितला तेव्हा मला लोकरीचा जाड गुंडा दाखवण्यात आला, आणि तो दाखवणाऱ्या मुलाचा चेहरा इतका मदतीला तत्पर होता की नाही म्हणताना मलाच संकोच वाटला.

तिसरी गोष्ट मॅटीचे कापड. एका इंचात 14 चौकटी येतील असे ते असावे. यात थोडा फरक चालेल असे पुष्कळांना वाटते, पण तो चालत नाही: 140 फुल्यांचा नमुना 14 चौकटींच्या कापडावर 10 इंच रुंद होतो आणि 11 चौकटींच्या कापडावर तोच पावणेतेरा इंचांच्या घरात जातो. माप नीट मोजून देणारा दुकानदार कोणाच्या माहितीत असेल तर अवश्य कळवावे.

पर्वरीहून पणजी आणि म्हापसा दोन्हीकडे बसने जाणे मला सोयीचे आहे. मडगावला जायचे तर दिवस मोडतो, तरी काम होणार असेल तर तेही करीन. दुकानाचे नाव आठवत नसल्यास रस्ता किंवा जवळची खूण सांगितली तरी पुरे. दुपारी दुकाने किती वाजेपर्यंत बंद असतात हेही कोणी लिहावे, कारण मी दोन वेळा भर दुपारी पणजीत उतरून बंद शटर पाहून परत आले आहे. आणि जाता जाता आणखी एक विचारते: इथल्या दमट हवेत सुया आणि दोरे आपण कसे सांभाळता? माझ्या पिनकुशनमधल्या निम्म्या सुया गंजल्या आहेत.

म्हापशाहून प्रतिसाद

ताई, गोव्यात आपले स्वागत. आपण पाटी पाहून दुकान शोधत असाल तर ते सापडणार नाही, हे आधीच सांगते. भरतकामाचे सामान असे स्वतंत्र लिहिलेली दुकाने इथे फार थोडी. हे सामान शिंप्यांना लागणाऱ्या वस्तू विकणाऱ्या दुकानांच्या पोटात दडलेले असते. पुढे अस्तर, चेन, इलास्टिक, बटणे, लेस आणि शिलाईची रिळे दिसतात, तर भरतकामाच्या लडी मागच्या फळीवर किंवा काउंटरखालच्या खोक्यात असतात आणि मागितल्याशिवाय बाहेर येत नाहीत. म्हणून आत जाऊन ‘सहा पदरी अँकरच्या लडी आहेत का’ असे वस्तूचे नाव घेऊन विचारावे. एखाद्या वयस्क दुकानदाराने बटणाला ‘बुतांव’ म्हटले तर गोंधळू नये. तो शब्द पोर्तुगिजांच्या काळात कोकणीत आला आणि तिथेच राहिला.

म्हापशाच्या बाजारात आणि त्याच्या भोवतालच्या गल्ल्यांत अशी दुकाने आपल्याला मिळतील. मात्र शुक्रवारी येऊ नका. तो आमच्या आठवड्याच्या बाजाराचा दिवस, गावोगावची माणसे येतात, आणि चार हिरव्या छटा उजेडात नेऊन पाहणाऱ्या गिऱ्हाइकाकडे लक्ष द्यायला त्या दिवशी कोणालाच उसंत नसते. मंगळवारी किंवा बुधवारी सकाळी दहाच्या सुमाराला यावे. दुपारी एक ते साडेतीन बाजार झोपलेला असतो असे समजून चालावे. काही दुकाने तीनला उघडतात, पण त्या भरवशावर बस पकडू नये. रविवारी तर बहुतेक बंदच.

एक सूचना आपण मागितली नाही, तरी करते. फॉल-पिको करणाऱ्या ज्या बाईंचे घर आपल्याला वारंवार दाखवले जाते, त्यांच्याकडे एकदा जाऊनच या. दोरा कुठला चांगला, कोण जुना माल गळ्यात मारतो, कोणाकडे रंगांचे कार्ड आहे, हे त्यांच्याइतके कोणालाच ठाऊक नसते.

मडगावहून प्रतिसाद

क्रोशाच्या दोऱ्यासाठी मडगावची फेरी वाया जाणार नाही असे मला वाटते. सासष्टीत, म्हणजे मडगावच्या या तालुक्यात, क्रोशाची आणि लेसची परंपरा पोर्तुगीज काळापासून आहे. चर्चमधल्या वेदीवरच्या वस्त्रांची झालर, घरातल्या मेजावरचे रुमाल, बाळाच्या बाप्तिस्म्याचे कपडे यांसाठी बारीक पांढरा दोरा लागतोच. मडगावच्या न्यू मार्केटच्या आतल्या अरुंद बोळांत कापड, लेस आणि शिवणसामानाची दुकाने एकमेकांना लागून आहेत, तिथे शोधावे. दोरा मागताना नंबर अवश्य सांगा आणि नंबर वाढला की दोरा बारीक होतो हे विक्रेत्यालाही ठाऊक आहे याची खात्री करून घ्या, कारण नव्या मुलांचा इथेच घोळ होतो. 40 नंबर नसेल तर 20 वर समाधान मानू नये. नमुना जाडाभरडा दिसेल. सगळे गुंडे एकदम घ्यावेत आणि त्यांच्या पट्टीवरचा लॉट क्रमांक (एकाच वेळी रंगवलेल्या मालाचा क्रमांक) एकच आहे का ते पाहावे, कारण पांढऱ्यातही दोन लॉटमध्ये फरक पडतो आणि तो धुतल्यावर अधिक उठून दिसतो.

आता आपल्या हिरव्याविषयी. आपल्याला आकडा सापडला असता तरी काम झालेच असते असे नाही. भरलेली बाजू उजेडाने आणि हाताळण्याने थोडी उतरलेली असते, त्यामुळे कारखान्यातून आलेला त्याच आकड्याचा नवा दोरा तिच्याशेजारी गडद दिसू शकतो. कापड उलटे करून पाहा: मागच्या बाजूचा रंग मूळ रंगाच्या जवळचा असतो. मूळ आकडा शोधायचा असेल तर मागची बाजू कार्डाशी जुळवावी आणि प्रत्यक्षात भरायचे असेल तर पुढच्या बाजूशी जुळेल ती छटा घ्यावी. या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि त्यांची गल्लत झाली की चार दुकाने पालथी घालूनही समाधान होत नाही. हे सारे दुकानाच्या ट्यूबलाइटखाली ठरवू नये. दारात येऊन दिवसाच्या उजेडात पाहावे.

कोणी आपल्याला डीएमसी या दुसऱ्या कंपनीचा आकडा देऊ केला तर तो अँकरच्या खोक्यात शोधू नये. दोन्हींचे क्रमांक स्वतंत्र आहेत. साधा काळा रंग डीएमसीत 310 आहे, अँकरमध्ये 403. जुळणीचे तक्ते मिळतात, पण त्यांतही पुष्कळ रंग ‘सर्वांत जवळचा’ एवढ्याच अर्थाने जुळतात.

मॅटीचे मात्र मला फारसे आशादायक सांगता येत नाही. मिळते, परंतु चौकटींचा आकडा विक्रेत्याला ठाऊक नसतो. फूटपट्टी जवळ ठेवून एका इंचातल्या चौकटी आपणच मोजाव्यात, आणि त्याही आडव्या व उभ्या दोन्ही दिशांनी, कारण हलक्या कापडात दोन्ही सारख्या नसतात आणि गोल फूल लंबगोल होऊन बसते. आमच्याकडच्या पुष्कळ बायका चोर्ला घाटातून बेळगावला लग्नाच्या खरेदीला जातात तेव्हाच असले सामान आणतात. खडेबाजार आणि गणपत गल्लीच्या परिसरात मराठीत बोलून सगळे व्यवहार होतात, ही आपल्याला आणखी एक सोय. धारवाडची कसुती, म्हणजे धागे मोजून भरायचे भरतकाम, जवळच असल्यामुळे मोजून भरण्याच्या कामाचे भान त्या बाजूच्या दुकानदारांना अधिक असते, असा माझा अनुभव आहे.

सुयांविषयी थोडक्यात लिहितो, कारण हा प्रश्न आईला विचारून घेतला. पिनकुशन पावसाळ्यात वापरूच नये, ते ओल धरते. कोरड्या, घट्ट झाकणाच्या डबीत सुया ठेवून नव्या चपलांच्या खोक्यात येतात त्या सिलिका जेलच्या पुड्या टाकाव्यात. काम थांबवताना सुई कापडात टोचून ठेवण्याची सवय मोडावी, कारण गंजाचा डाग कापडातून सहसा जात नाही, आणि कापड ताणून धरणारी रिंगही काढून ठेवावी. दोरे प्लॅस्टिकच्या पिशवीत कोंडण्यापूर्वी पंख्याखाली पूर्ण कोरडे करावेत. ओल आत राहिली तर पिशवी नसलेली बरी.

मूळ प्रश्नकर्तीकडून

दोघांचेही मनापासून आभार. फॉल-पिको करणाऱ्या बाईंकडे गेले. त्यांनी म्हापशाच्या बाजारालगतच्या एका दुकानाची खूण दिली आणि ‘माझ्याकडून आलात म्हणून सांगा’ असेही बजावले. बुधवारी सकाळी कापड घेऊन गेले. दुकान जेमतेम दोन माणसे उभी राहतील एवढे आहे, पण मालकांनी खालून पत्र्याचे तीन डबे काढले आणि हिरव्यांचा सगळा डबा माझ्यापुढे ठेवून ते बटणे मोजत बसले.

कापड उलटे केल्यावर मागचा रंग पुढच्याहून किती वेगळा आहे ते मी पहिल्यांदाच नीट पाहिले. दारातल्या उजेडात पुढच्या बाजूशी एकही छटा पूर्ण जुळेना: एक किंचित गडद, दुसरी किंचित फिकी. अखेर मालकच म्हणाले की दोन पदर भरता ना, मग एक पदर याचा आणि एक त्याचा घ्या. दोन्हींच्या दोन-दोन लडी घेऊन आले आणि घरी जुन्या कापडाच्या तुकड्यावर चार फुल्या भरून पाहिल्या. हातभर अंतरावरून फरक कळत नाही. जवळून पाहिल्यास मला कळतो, पण तो मला कळणारच. या वेळी दोन्ही लडींचे आकडे वहीत लिहून ठेवले आहेत.

क्रोशाच्या दोऱ्यासाठी पुढच्या आठवड्यात मडगावला जाईन. 14 चौकटींच्या मॅटीचा शोध अजून चालू आहे. म्हापशाच्या दुकानात होती ती मोजली तर आडव्या 13 आणि उभ्या 12 भरल्या. फोंडा किंवा वास्को परिसरात कोणाला चांगली मॅटी मिळाली असल्यास कृपया इथेच लिहावे, म्हणजे बेळगावची फेरी ठरवण्यापूर्वी तिकडे पाहून येईन.