शेतावरच्या एटीव्हीला आता कार्बोरेटर नकोच, एफआयच घ्या

पानशेतवाला:
पुण्यात हल्ली फार्महाऊससाठी, शेतावर फिरायला सेकंडहँड एटीव्ही (चार जाड चाकांची, हँडलवाली गाडी) घेणारे खूप झालेत आणि जो तो सांगतो कार्बवालीच घे, कुठेही रिपेअर होते. माझं मत बरोबर उलटं आहे. पानशेत, वेल्हे, मुळशी भागात ज्याचं रान आहे त्याने कार्बच्या नादी लागूच नये. कार्ब म्हणजे कार्बोरेटर, हवेत पेट्रोल मिसळणारा भाग; त्यात पेट्रोल फ्लोटच्या वाटीत ठराविक लेव्हलला असतं, सगळं गणित त्या लेव्हलवर, आणि गाडी चढाला लावली किंवा आडवी कलली की लेव्हलच बदलते, मग एकतर ओव्हरफ्लो होऊन प्लग ओला नाहीतर जेटला (पेट्रोल सोडणाऱ्या बारीक भोकाला) पेट्रोल कमी पडून मिसिंग, आणि हे होणार अर्ध्या चढावर. तीनशे किलोच्या आसपासची गाडी तिथे बंद पडून मागे यायला लागली तर काय होईल विचार करा. एफआयमध्ये, म्हणजे फ्युएल इंजेक्शनमध्ये, टाकीतला पंप साधारण ३ बारच्या प्रेशरने पेट्रोल पाठवतो, कलली तरी इंजेक्टरला तेवढंच मिळतं. यामाहाने २००६ ला रॅप्टर ६६० ची ७०० केली तेव्हाच कार्ब काढून इंजेक्शन दिलं, सुझुकीची एलटी-आर४५० पण त्याच साली इंजेक्शनवरच आली.

भोसरी_मिस्त्री:
दादा चढाचं बरोबर बोललात पण टाकीत पेट्रोल कमी असलं की चढावर एफआयचा पंप पण हवा ओढतो, ते पण सांगा ना. आणि रेसच्या गाड्यांचं उदाहरण शेतकऱ्याला कशाला? होंडाची रिकॉन २५० कामाची एटीव्ही, ती कितीतरी वर्षं कार्बवरच विकली गेली. कार्बमध्ये कचरा आला तर पाना-स्क्रू ड्रायव्हर घेऊन बांधावर बसून वाटी उघडायची, जेट फुंकायचा, चालू. एफआयचा पंप गेला तर काय फुंकणार? आपल्याकडच्या एटीव्हीचे पार्ट नाना पेठेत काउंटरवर मिळत नाहीत, मागवून वाट बघावी लागते आणि भर पावसाळ्यात गाडी ताडपत्रीखाली पडून राहते.

मेकॅनिकल_टीई:
मिस्त्री काकांना सपोर्ट. बाहा एसएईइंडिया स्पर्धेसाठी आमच्यासारखी कॉलेजची पोरं एटीव्ही बनवतात, त्यात ब्रिग्स अँड स्ट्रॅटनचं ३०५ सीसी, १० एचपीचं कार्बवालं इंजिन असतं आणि ते चिखल, उड्या, खड्डे सगळं खाऊन चालतं.

पानशेतवाला:
अरे पण ते इंजिन गव्हर्नर (वेग आवरणारा भाग) लावून ३८०० आरपीएमला बांधलेलं असतं, आणि रेसच्या आधी तुम्ही पोरं रात्रभर त्याच्या उशाशी बसलेली असता. शेतावरची गाडी महिनोन् महिने नुसती उभी असते. पेट्रोल उडून वाटीत चिकट थर राहतो, पायलट जेटचं भोक केसाएवढं, ते पहिलं बुजतं. मग चोक दिल्यावरच चालू आणि रेस सोडली की बंद.

घाटवाट:
अजून एक मुद्दा कोणी काढलाच नाही, ई२० चा. शुद्ध पेट्रोलला हवेचं प्रमाण १४.७ ला १, इथेनॉलला फक्त ९ ला १. म्हणजे २० टक्के इथेनॉल घातलं की तेवढ्याच हवेला पेट्रोल जास्त लागतं. जुन्या जेटवर गाडी लीन (पेट्रोल कमी, हवा जास्त) चालते, गरम होते, धक्के देते. ज्या एफआयला ऑक्सिजन सेन्सर आहे ती हे बऱ्यापैकी स्वतः भरून काढते, कार्बला जेट बदलावा लागतो. उंचीचं मात्र इथे उगाच सांगतात, पुणे साधारण ५६० मीटर आणि महाबळेश्वर १३५० च्या आसपास, तेवढ्याने फार काही बिघडत नाही. लेहला ३५०० मीटरवर न्यायची असेल तर गोष्ट वेगळी, तिथे हवा जवळपास ३० टक्के विरळ आणि कार्बवाली काळा धूर सोडते.

भोसरी_मिस्त्री:
इथेनॉलचंच बोलायचं तर पुढचं पण बोला, इथेनॉल पाणी ओढतं. मुळशीच्या पावसात गाडी उभी राहिली, पाणी जास्त झालं की ते पेट्रोलपासून वेगळं होऊन टाकीच्या तळाला बसतं, आणि एफआयचा पंप ओढतो तळातूनच. कार्बला निदान वाटीखाली ड्रेनचा स्क्रू आहे, सोडला की पाणी बाहेर. आणि बॅटरी? उभ्या गाडीची बॅटरी बसते, मग पंप नाही, ईसीयू (इंजेक्शनचा कॉम्प्युटर) नाही, काहीच नाही.

पानशेतवाला:
बॅटरीचा मुद्दा मान्य, पण तो कार्बला पण लागू आहे मिस्त्री. इकडे मिळणाऱ्या छोट्या ऑटोमॅटिक एटीव्हींना बहुतेक वेळा किक नसते, फक्त सेल्फ, आणि ऑटोमॅटिक क्लच असल्यामुळे ढकलून पण स्टार्ट होत नाही. दोरी ओढायचा स्टार्टर असेल तरच कार्बचा फायदा. पाण्याचं म्हणाल तर पावसाळ्याआधी टाकी गच्च भरून ठेवा, आत हवाच कमी राहिली तर ओल येणार कुठून.

भोसरी_मिस्त्री:
दोरीवाली असेल तरच, हे पटलं. मग घेणाऱ्याला आधी तेच बघायला सांगा, एफआय का कार्ब नंतर. आणि एफआय घेतलीच तर फ्युएल पंप आणि फिल्टर गाडीबरोबरच मागवून घरात ठेवा, बंद पडल्यावर शोधत बसू नका. चढाचं रान असेल तर एफआय घ्या, मी अडवत नाही. पण ज्याचं रान सपाट, दौंड-इंदापूरकडे, त्याला मी कार्बच सांगणार.

मेकॅनिकल_टीई:
सपाट रानाला पण ई२० च पडणार ना काका, जेट कितीचा टाकायचा ते सांगा.

भोसरी_मिस्त्री:
प्लग काढून रंग बघायचा. पांढरा पडला तर एक नंबर मोठा जेट टाक, विटकरी आला की थांब.