अनुभव धागा : सार्वजनिक ग्रंथालयाच्या कार्डाने तुम्हाला काय दिले?

धागाकर्ती

सार्वजनिक ग्रंथालयाच्या कार्डाचा फायदा विचारला, की बहुतेक जण 'पुस्तके विकत घ्यावी लागत नाहीत' एवढे सांगून थांबतात. ते खरेच आहे, आणि घरखर्चाचा मेळ घालणाऱ्याला त्याचे मोल पुरेपूर ठाऊक असते. माझ्या दृष्टीने मात्र त्याहून मोठा लाभ असा, की हे कार्ड बाळगणाऱ्याला आपल्या कुतूहलाचे कारण कोणापुढे, अगदी स्वतःपुढेसुद्धा, मांडावे लागत नाही. पुस्तक विकत घेताना आपण मनाशी विचार करतो : हे आपल्याकडून वाचून होईल का, पुन्हा लागेल का, ठेवायला जागा आहे का? ग्रंथालयातून आणलेल्या पुस्तकाला यांतला एकही प्रश्न लागू पडत नाही. शिल्पकलेतले काहीच कळत नसताना केवळ एका छायाचित्राच्या ओढीने मी त्या विषयावरचा जाडजूड ग्रंथ घरी आणला, सुरुवातीची प्रकरणे वाचली आणि उरलेला तसाच परत केला. त्या थोड्या वाचनाने पुढे कोणते पुस्तक मागायचे हे मला कळले.

युनेस्कोने सार्वजनिक ग्रंथालयांविषयीचा जाहीरनामा प्रथम १९४९ मध्ये प्रसिद्ध केला आणि पुढे १९७२, १९९४ व २०२२ मध्ये तो नव्याने मांडला गेला. वय, वंश, लिंग, धर्म, राष्ट्रीयत्व, भाषा किंवा सामाजिक स्थान यांवरून भेद न करता ही सेवा सर्वांना समान मिळावी आणि तत्त्वतः ती विनामूल्य असावी, अशी त्याची भूमिका आहे. प्रत्यक्षात कुठे अनामत घेतात, कुठे वर्गणी, तर कुठे काहीच नाही. आपल्या कार्डामुळे नेमके काय घडले, कोणती सेवा उपयोगी पडली, ते सविस्तर लिहावे ही विनंती.

एक हौशी पक्षीनिरीक्षक

मी कपाटांमधून हिंडणारा वाचक आहे, त्यामुळे वाचकाला स्वतः कपाटापर्यंत जाऊ देणारे ग्रंथालय मला नेहमीच अधिक प्रिय वाटते. अमेरिकन ग्रंथपाल मेल्विल ड्युई यांनी १८७६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या दशांश वर्गीकरणात, म्हणजे प्रत्येक विषयाला क्रमांक देऊन पुस्तके मांडण्याच्या पद्धतीत, पक्ष्यांवरची पुस्तके ५९८ या क्रमांकाखाली येतात. त्यांच्या एका अंगाला ५९७ मध्ये मासे आणि सरपटणारे प्राणी, दुसऱ्या अंगाला ५९९ मध्ये सस्तन प्राणी, आणि थोडे मागे ५९५.७ मध्ये कीटक असतात. एकदा ५९८ मधले मला हवे असलेले पुस्तक बाहेर गेलेले होते. रिकाम्या हाताने परतण्याऐवजी मी जवळच्याच फळीवरचे कीटकांवरचे पुस्तक घेतले, आणि बाग व शेतशिवारातले पक्षी पाहण्याची माझी दृष्टीच त्यामुळे बदलली. एरवी दाणे टिपणारे अनेक पक्षीसुद्धा पिल्लांना अळ्या आणि किडे भरवतात, हे त्यातून कळल्यावर घरट्यांचा हंगाम आणि अळ्यांचा सुकाळ यांचा संबंध मला उलगडला. नुसते पक्ष्यांचे पुस्तक मिळाले असते, तर तो दुवा माझ्या नजरेतून निसटला असता.

संगणकावर शोधताना आपण विचारलेल्या शब्दांचेच उत्तर मिळते. फळीवर मात्र विषयाचे शेजारीही दिसतात, आणि विषयानुसार मांडणी करणाऱ्यांनी ते शेजार विचारपूर्वक ठरवलेले असतात. नव्या सभासदांना माझी एकच सूचना आहे. आवडीच्या विषयाचा वर्गांक लिहून ठेवावा. ड्युई पद्धत वापरणाऱ्या कोणत्याही ग्रंथालयात, ते कितीही अनोळखी असले तरी, आपण थेट आपल्या फळीशी पोहोचतो. मराठी साहित्य शोधणाऱ्यांनी ८९१.४६ हा क्रमांक ध्यानात ठेवावा.

दोन मुलांची आई

आमच्या घरात सगळ्यांत जास्त वापरले जाणारे कार्ड धाकटीचे आहे. ते तिच्या स्वतःच्या नावाचे आहे, आणि हीच गोष्ट मला सर्वांत महत्त्वाची वाटते. मी माझ्या कार्डावर तिच्यासाठी पुस्तके आणत असे, तेव्हा निवड नकळत माझीच असायची : बोधपर, तिच्या वयाला 'योग्य', शाळेला पूरक. स्वतःचे कार्ड मिळाल्यावर तिने पहिल्याच दिवशी उत्खनन यंत्रांवरचे एक चित्रमय पुस्तक उचलले आणि मुदत वाढवून वाढवून ते इतके दिवस घरी ठेवले, की त्यातला प्रत्येक भाग तिला नावानिशी पाठ झाला. मी ते विकत घेतले नसते, कारण एकाच विषयाचे ते वेड किती टिकेल याची मला खात्री वाटली नसती.

लहान मुले पुस्तके अर्धवट सोडतात, पुन्हा पुन्हा तेच वाचतात, मुखपृष्ठ पाहून निवडतात आणि दोन पानांत नाकारतात. वाचक घडतो तो याच मुभेतून, असे माझे ठाम मत आहे, आणि ही मुभा पालकाच्या खिशाला परवडेल अशा रीतीने देणारी दुसरी व्यवस्था मला दिसत नाही. मोठ्याच्या बाबतीत आणखी एक गोष्ट घडली. परतीची तारीख पाळणे ही त्याची जबाबदारी झाली. दुसरा कोणीतरी मुलगा त्याच पुस्तकाची वाट पाहत असेल, हे ग्रंथपाल बाईंनी त्याला शांतपणे समजावले होते. घरात 'आपली वस्तू' आणि 'दुसऱ्याची वस्तू' एवढेच दोन प्रकार त्याला माहीत होते. 'सगळ्यांची वस्तू' हा तिसरा प्रकार त्याला त्या कार्डामुळे समजला.

बालविभागात गोष्टी वाचून दाखवण्याचे कार्यक्रम असतात, त्यांबद्दल इतर पालक लिहितीलच. त्या कार्यक्रमांना अनेक ठिकाणी कार्डही लागत नाही.

नोकरी शोधत असतानाचा अनुभव

थोडक्यात लिहितो. नोकरी गेल्यानंतरच्या काळात मला पुस्तकांइतकीच गरज होती ती सकाळी घराबाहेर पडून बसता येईल अशा जागेची, जिथे काही विकत न घेता दिवसभर थांबले तरी कोणी उठवत नाही. अभ्यासिकेतले टेबल, रोजची वर्तमानपत्रे, इंटरनेट असलेला संगणक आणि अर्ज छापून घेण्याची सोय, हे सारे मला कार्डावर मिळाले. मुलाखतीच्या तयारीसाठी त्या क्षेत्रातल्या मासिकांचे मागील अंक वाचले. ती मासिके स्वतः लावणे तेव्हा मला शक्यच नव्हते.

दृष्टी मंदावलेल्या वडिलांची मुलगी

बाबांची दृष्टी मंदावू लागली तेव्हा वाचन सुटणार, हे त्यांनी जवळजवळ मनाने स्वीकारले होते. मी माझ्याच पुस्तकांसाठी गेले असता देवघेव खिडकीवर सहज विषय निघाला, आणि तिथल्या ग्रंथपालांनी मला मोठ्या टाइपातल्या पुस्तकांचे कपाट दाखवले. इतकी वर्षे मी त्या कपाटावरून जात होते, पण ते कोणासाठी आहे याचा विचार केला नव्हता. त्यातली अक्षरे साधारण १६ ते १८ पॉइंटांची असतात, ओळींमध्ये अंतर जास्त असते आणि कागद चकाकणारा नसतो. काही काळ बाबांचे त्यावर भागले. नंतर ते ध्वनिपुस्तकांकडे वळले. साध्या ध्वनिमुद्रणात पुढे-मागे जाणे कठीण असते, परंतु 'डेझी' पद्धतीच्या पुस्तकात प्रकरण, उपप्रकरण आणि पुष्कळदा पानसुद्धा गाठता येते, त्यामुळे संदर्भ पुन्हा ऐकण्याची त्यांची जुनी सवय टिकली.

या विषयात शिरल्यावर मला माराकेश कराराची माहिती मिळाली. २०१३ मध्ये स्वीकारलेला हा आंतरराष्ट्रीय करार ३० सप्टेंबर २०१६ पासून अमलात आला, आणि त्याला सर्वप्रथम अनुमोदन देणारा देश भारत होता. दृष्टिहीन किंवा अन्य कारणाने छापील मजकूर वाचू न शकणाऱ्या व्यक्तींसाठी पुस्तकाची सुगम प्रत स्वामित्वहक्क धारकाच्या परवानगीविना तयार करता यावी आणि अशी प्रत एका सदस्य देशातून दुसऱ्या देशात पाठवता यावी, यासाठी तो आहे. ज्यांच्या घरात असा वाचक आहे त्यांनी कार्ड काढताना ही अडचण स्पष्ट सांगावी, असे मी आग्रहाने म्हणेन. या सेवा पुष्कळदा असतात, परंतु मागणाऱ्याला त्या असल्याचेच माहीत नसते. घरपोच पुस्तके पोहोचवण्याची सोयही काही ग्रंथालये अशा सभासदांसाठी करतात.

जुन्या वर्तमानपत्रांचा अभ्यासक

माझे काम एका बंद पडलेल्या नियतकालिकाविषयी होते. संदर्भ विभागात गेल्यावर ग्रंथपालांनी मला उत्तर देण्याआधी उलट प्रश्न विचारले : तुम्हाला लेख हवा आहे की जाहिराती? नेमका कोणता काळ? संपादकाचे नाव ठाऊक आहे का? त्या प्रश्नांनीच माझा विषय रेखीव झाला. मग बांधीव खंड निघाले, मायक्रोफिल्म (जुन्या पानांची सूक्ष्म छायाचित्रे असलेली फीत) निघाली, आणि जे तिथे नव्हते ते आंतरग्रंथालयीन देवघेवीतून दुसऱ्या ग्रंथालयाकडून मागवले गेले. वाचकाने आपल्या ग्रंथालयात अर्ज करायचा, त्या ग्रंथालयाने दुसऱ्याकडून पुस्तक किंवा लेखाची प्रत आणायची, असा हा व्यवहार असतो. एका कार्डामागे प्रत्यक्षात अनेक ग्रंथालयांचा संग्रह उभा असतो, हे मला तोवर कळले नव्हते. यात वेळ लागतो आणि दुर्मीळ खंड पाठवले जात नाहीत, याची तयारी मात्र ठेवावी.

रात्रपाळी करणारी परिचारिका

माझ्या फुरसतीच्या वेळी ग्रंथालय बंद असते. तरीही माझे कार्ड पहाटे चालते, कारण त्याच क्रमांकाने ई-पुस्तके उसनी घेता येतात आणि मुदत संपली की ती आपोआप परत जातात, त्यामुळे विलंबशुल्काचा प्रश्न उरत नाही. एक गोष्ट नवख्यांना खटकते : डिजिटल पुस्तक असूनही रांग का? याचे कारण परवान्यात आहे. बहुतेक प्रकाशक एक प्रत एका वेळी एकाच वाचकाला, या अटीवर ग्रंथालयाला परवाना देतात, आणि तोही पुष्कळदा मर्यादित काळासाठी किंवा मर्यादित उसनवारीसाठी. हार्परकॉलिन्स या प्रकाशनसंस्थेने २०११ मध्ये एका ई-प्रतीसाठी २६ उसनवारींची मर्यादा घातली होती, आणि ती संपल्यावर ग्रंथालयाने पुन्हा परवाना घ्यायचा होता. छापील प्रत झिजेपर्यंत चालते, ई-प्रतीचे आयुष्य मात्र करारात लिहिलेले असते. ही व्यवस्था मला न्याय्य वाटत नाही, पण दोष ग्रंथालयाचा नाही हे वाचकांना माहीत असावे. मी एका वेळी अनेक पुस्तकांसाठी नाव नोंदवून ठेवते आणि जे येईल ते वाचते.

ग्रंथालयात काम करणारा

वरील अनुभव वाचून फार बरे वाटले. खिडकीच्या आतल्या बाजूने थोडे सांगतो.

शियाली रामामृत रंगनाथन यांनी १९३१ मध्ये मांडलेली ग्रंथालयशास्त्राची पाच सूत्रे आम्हाला शिकवली जातात. पुस्तके वापरासाठी आहेत, प्रत्येक वाचकाला त्याचे पुस्तक मिळावे, प्रत्येक पुस्तकाला त्याचा वाचक मिळावा, वाचकाचा वेळ वाचवावा, आणि ग्रंथालय ही वाढती संस्था आहे. त्यातले शेवटचे सूत्र सभासदांच्या हातात सर्वाधिक आहे. पुस्तक फळीवर नसेल तर केवळ परत जाऊ नका, मागणी नोंदवा. खरेदीची यादी करताना आम्ही या नोंदी पाहतो, आणि एकाच पुस्तकासाठी थांबलेले वाचक वाढले की दुसरी प्रत घेण्याचे समर्थन आम्हाला वरिष्ठांपुढे करता येते. चार लोकांनी एखाद्या विषयाची मागणी लावून धरल्यामुळे त्या विषयाची संपूर्ण फळी उभी राहिल्याचे मी पाहिले आहे. निधी मागतानाही सभासदसंख्या आणि देवघेवीचे आकडे पुढे ठेवावे लागतात. तेव्हा कार्ड काढून न वापरणाऱ्या वाचकाने निदान आपल्या आवडीच्या लेखकाचे पुस्तक नेत जावे.

लेखकाचे नुकसान होते का, हा प्रश्न नेहमी येतो. काही देशांत ग्रंथालयातील पुस्तकांसाठी लेखकांना सरकारी निधीतून मोबदला मिळतो. डेन्मार्कने १९४६ मध्ये याची सुरुवात केली आणि ब्रिटनने १९७९ मध्ये तसा कायदा केला. जिथे ही तरतूद नाही, तिथेही ग्रंथालय आपली प्रत विकतच घेते.

दंडाच्या भीतीने ज्यांनी येणे सोडले आहे, त्यांना विशेष सांगायचे आहे. विलंबशुल्कामुळे गरजू वाचकच आधी दुरावतात, हे ओळखून शिकागोच्या सार्वजनिक ग्रंथालयाने २०१९ मध्ये ते रद्द केले, आणि न्यूयॉर्कच्या सार्वजनिक ग्रंथालयाने २०२१ मध्ये तोच निर्णय घेतला. प्रत्येक ग्रंथालयाचे नियम वेगळे असतात, पण जुने पुस्तक घरात राहिले असेल तर ते घेऊन या आणि काय करता येईल ते विचारा. आम्हाला पुस्तक परत हवे असते आणि वाचकही. कार्डाची मुदत संपली असल्यास ओळखपत्र आणि पत्त्याचा पुरावा बरोबर आणावा, म्हणजे नूतनीकरण त्याच फेरीत होते.