'उष्णरक्ती' आणि 'नियततापी' : एकच की वेगळे?

प्रश्न : कुत्र्याचं तापमान ३८.७ अंश सेल्सिअस भरलं, तरी पशुवैद्य म्हणाले, "ताप नाही." माणूस आणि कुत्रा दोघंही उष्णरक्ती, मग हे कसं? आणि 'नियततापी' म्हणतात ते यांनाच का?

उत्तर : हो, यांनाच. पक्षी आणि सस्तन प्राण्यांसाठी दोन्ही शब्द चालतात, पण मला 'उष्णरक्ती' मुळीच पटत नाही. रक्त गरम असणं ही या प्राण्यांची खूण नव्हेच. भर उन्हात ऊन खात बसलेल्या वाळवंटी सरड्याचं रक्त माणसाच्या रक्ताइतकंच, कधी जास्तही तापलेलं असतं, आणि तरी तो 'शीतरक्ती'! फरक कळतो तो रात्री. दगड निवतो तसा सरडाही निवतो. माणूस मात्र खाल्लेल्या अन्नातून ऊब तयार करत, गरज पडली तर कुडकुडत किंवा घाम गाळत, ३७ अंशांच्या आसपासच राहतो.

'नियत' म्हणजे ठरलेलं, आणि ते ज्याचं त्याचं वेगळं. हत्तीचं साधारण ३६, कुत्र्याचं ३८ ते ३९, शेळीचं ३९च्या आसपास, कोंबडीचं ४१च्या पुढे, प्लॅटिपस या अंडी घालणाऱ्या सस्तन प्राण्याचं जेमतेम ३२. म्हणजे ३९ अंश हा माणसाला चांगलाच ताप, शेळीची रोजची तब्येत, आणि कोंबडीचं अंग गार पडल्याची खूण.

शंका : मग उंटाचं काय? पाणी मिळालं नाही तर त्याचं तापमान पहाटे ३४ आणि दुपारी ४०पर्यंत जातं. हे कसलं नियत?

उत्तर : चांगली शंका. 'नियत'चा अर्थ 'अचल' असा घेतला की घोटाळा होतो. उंटाचं शरीर तापमान मुद्दाम चढू देतं, कारण तेवढा घाम, म्हणजे तेवढं पाणी वाचतं. फार चढलं की तोही घाम गाळतोच. शीतनिद्रेतली वटवाघळं तर गारठून जातात, पण जागी होताना साठवलेली चरबी जाळून आपलं आपण अंग तापवतात. सरड्याला ते जमत नाही, त्याला ऊन उगवायची वाट पाहावी लागते.

'ताप'बद्दलही थोडं. 'नियततापी'मधला ताप म्हणजे उष्णता, दुखण्यातला ताप नव्हे. धावून आल्यावर 'अंग तापलं' म्हणतो, 'ताप आला' म्हणत नाही, आणि ते शास्त्रालाही धरून आहे. तापात मेंदूतल्या हायपोथॅलॅमसने ठरवलेला आकडाच वर सरकतो. म्हणून ३८ अंशांवरही शरीराला आपण गार आहोत असं वाटतं आणि हुडहुडी भरते. धावणाऱ्याचा तो आकडा जागेवरच असतो, म्हणून त्याला घाम फुटतो.