म्यानमारमधल्या अटकेतल्या भिक्खूंसाठी निवेदन: कुठे पाठवायचं, उपयोग काय?

इंदोरा_वाचक:
जयभीम. आमच्या विहारातल्या अभ्यासमंडळात म्यानमारवर चर्चा सुरू आहे. १९५६ साली नागपुरात बाबासाहेबांना दीक्षा देणारे भदन्त चंद्रमणी मूळचे तिकडचेच, त्यामुळे लोकांना आपुलकी आहे. २०२१ च्या लष्करी उठावानंतर तुरुंगात टाकलेल्या भिक्खूंच्या सुटकेसाठी सह्या गोळा करून संयुक्त राष्ट्रांच्या सरचिटणीसांना पाठवायच्या, असं ठरतंय. पत्ता बरोबर आहे का? आणि लष्करी राजवटीला अशा कागदाने काही फरक पडतो का?

धंतोलीचा_वकील:
सह्यांचा गठ्ठा पाठवू नका. सगळ्या भिक्खूंसाठी एक निवेदन केलं तर त्यावर कोणालाच काही करता येत नाही. एका माणसाचं एक प्रकरण करा आणि ते संयुक्त राष्ट्रांच्या जिनिव्हातल्या मनमानी अटकेविषयीच्या कार्यगटाकडे द्या. १९९१ पासून तो आहे, पाच सदस्यांचा. त्याच्याकडे जायला म्यानमारने कुठला करार मान्य केलेला असावा लागत नाही, स्थानिक कोर्टाच्या सगळ्या पायऱ्या संपवाव्या लागत नाहीत. तिथे कोर्टच लष्कराच्या हाती, म्हणून ही सवलत फार मोलाची.

त्यांची प्रश्नावली आहे. अटकेची तारीख, ठिकाण, कोणी पकडलं, वॉरंट दाखवलं का, कलम कोणतं (बहुधा म्यानमारच्या दंडसंहितेतलं ५०५-अ, ते उठावानंतर फेब्रुवारी २०२१ मध्येच घुसवलं), कुठे ठेवलंय, घरच्यांनी आतापर्यंत काय केलं. मजकूर इंग्रजी, फ्रेंच किंवा स्पॅनिशमध्ये. वर्तमानपत्राची कात्रणं जोडा, पण सगळा भार त्यांच्यावर टाकू नका.

गडबड होते ती नावात. अटक झाली की भिक्खूचं चीवर उतरवतात आणि खटला गृहस्थी नावाने चालवतात. तुम्ही धम्मनाव लिहिलं, कोर्टाच्या कागदावर दुसरंच नाव, की सरकार सरळ म्हणतं असा कैदी आमच्याकडे नाही. बर्मी माणसाला आडनावही नसतं. दोन्ही नावं, वडिलांचं नाव आणि जमल्यास ओळखपत्राचा क्रमांक द्या.

माणूस कुठे आहे हेच माहीत नसेल तर प्रकरण संयुक्त राष्ट्रांच्याच बेपत्ता व्यक्तींच्या कार्यगटाकडे जातं. त्यांचा तातडीचा मार्ग गायब झाल्यापासून तीन महिन्यांच्या आतल्या प्रकरणांसाठी आहे.

इंदोरा_वाचक:
घरच्यांना विचारणं गरजेचं आहे का? संपर्क करणंच त्यांना धोक्याचं वाटतं.

धंतोलीचा_वकील:
गरजेचंच. तक्रार देणाऱ्याचं नाव सरकारला कळवत नाहीत, कैद्याचं कळवावंच लागतं. म्हणजे तुम्ही नागपुरात सुरक्षित आणि त्रास तिकडच्या आईबापाला. होकार नसेल तर पाठवू नका, मग कागद कितीही पक्का असो. संपर्कासाठी माजी राजकीय कैद्यांनी थायलंडच्या सीमेवर उभी केलेली कैदी साहाय्य संघटना आहे, तिच्याकडे नोंदीही आहेत.

पुढे सरकारला उत्तरासाठी ६० दिवस मिळतात. उत्तर आलं नाही तरी अटक मनमानी आहे का यावर गट मत देऊ शकतो. त्या मतामुळे तुरुंगाचं दार उघडत नाही. म्यानमारच्या नेत्या आंग सान सू ची यांच्या जुन्या नजरकैदेवर असं मत अनेकदा आलं, सुटका झाली नोव्हेंबर २०१० मध्ये. पण कागद राहतो. लष्करी राजवटीतल्या अर्जेंटिनात १९७९ च्या सप्टेंबरात आंतर-अमेरिकी मानवाधिकार आयोग गेला, लोकांनी रांगा लावून तक्रारी दिल्या. तेव्हा लष्कर हललं नाही, पण लष्करी नेत्यांवरच्या १९८५ च्या खटल्याआधीच जगासमोर नोंद झालेली होती.

सदर_टपाल:
वकीलसाहेबांचं नोंदीबद्दल पटतं, पण दुसरा प्रश्न राहिला. फरक पडतो तो पैशाची आणि मालाची वाट अडवल्यावर. १८ जून २०२१ ला संयुक्त राष्ट्रांच्या महासभेत म्यानमारवर ठराव झाला: बाजूने ११९, विरोधात फक्त बेलारूस, तटस्थ ३६, त्यात चीन, रशिया आणि आपण. शस्त्रं थांबवा म्हणाले, बंधन कोणावरच नाही. फ्रान्सची टोटल कंपनी जुलै २०२२ मध्ये म्यानमारच्या यादाना गॅसक्षेत्रातून बाहेर पडली, थायलंडच्या पीटीटीईपी या तेल-वायू कंपनीने कारभार घेतला, गॅस चालूच.

याउलट सिंगापूर बघा. संयुक्त राष्ट्रांचे म्यानमारविषयक विशेष प्रतिवेदक टॉम अँड्र्यूज यांनी २०२३ च्या अहवालात म्यानमारच्या लष्कराला माल पुरवणाऱ्या तिथल्या कंपन्यांवर बोट ठेवलं, सरकारने चौकशी लावली, आणि तिथून जाणारा लष्करी माल वर्षाला सुमारे ११ कोटी डॉलरवरून एक कोटीच्या आसपास आला. त्याच वेळी थायलंडमार्गे येणारा माल दुपटीने वाढला, हेही लक्षात ठेवा. एकाच देशाने दार लावलं की पाणी शेजारून वाहतं.

त्याच अहवालात भारतातल्या पुरवठादारांच्या नावे ५.१ कोटी डॉलरचा माल आहे, त्यात सरकारी कंपन्याही. तुमच्या हजार सह्यांची खरी जागा ही. माहिती अधिकारात विचाराल तर परराष्ट्र संबंधांचं कलम ८(१)(अ) दाखवून नकार येईल अशीच शक्यता जास्त. त्यापेक्षा खासदारांना लोकसभेत प्रश्न द्यायला सांगा. किमान १५ पूर्ण दिवसांची सूचना लागते, मजकूर १५० शब्दांच्या आत. युक्तिवाद, विशेषणं आणि मित्रदेशाबद्दल अनादराचा शब्द असला की प्रश्न बाद होतो. म्हणून "जुलमी राजवट" वगैरे लिहू नका. "१ फेब्रुवारी २०२१ नंतर म्यानमारला कोणत्या संरक्षण साहित्याच्या निर्यातीला परवानगी दिली, वर्षनिहाय किंमत किती", एवढंच विचारा. अतारांकित ठेवा, लेखी उत्तर मिळतं आणि ते जपून ठेवता येतं.