आर्कनॉइडची तिसरी लेव्हल: फळी नेमकी थांबतच नाही

सांगलीकर
दिवाळीत माळा आवरताना ६४-इन-वनची पिवळी कॅसेट सापडली. टीव्हीला जोडायचा गेमचा डबा केव्हाच भंगारात गेला, म्हणून लॅपटॉपवर एम्युलेटर (जुने गेम चालवणारं सॉफ्टवेअर) टाकून आर्कनॉइड लावला: खालची फळी सरकवत बॉल उडवायचा आणि वरच्या विटा फोडायच्या. आम्ही त्याला 'विटा'च म्हणायचो.

दोन लेव्हल निघतात. तिसरीत सोनेरी विटांचे थर आहेत, त्या फुटतच नाहीत, बॉल कडेच्या फटीतून वर घालवावा लागतो. ॲरो दाबून धरली की फळी पुढे पळते, सोडली की दोन बोटं अलीकडे. काल एकच वीट उरली होती, उजव्या कोपऱ्यात. बॉल तिच्या शेजारून जातोय, येतोय. तेवढ्यात दाराची बेल. मी उठलो, बॉल गेला. लेक म्हणते, "बाबा, पॉज असतो ना." तेही खरंच.

बॉलचा कोन धरायचा कसा? की ॲरोवर हे जमायचंच नाही?

घुंडीवाला
जमतं, पण हा गेम ॲरोसाठी केलेलाच नाही. टायटो या जपानी कंपनीनं १९८६ मध्ये काढला तेव्हा नाणं टाकून खेळायच्या मशीनला गोल घुंडी होती: हळू फिरवली तर फळी केसभर सरकणार, झटका दिला तर या टोकाहून त्या टोकाला. निन्टेन्डोच्या घरगुती आवृत्तीबरोबरही घुंडीचा वेगळा कंट्रोलर यायचा. आपल्या नकली डब्यांबरोबर तो कुठला! एफसीईयूएक्स हा एम्युलेटर वापरत असाल तर इनपुटमध्ये 'आर्कनॉइड पॅडल' निवडा, माऊसवर फळी चालेल.

कोनाचं म्हणाल तर बॉल फळीच्या मधोमध घेतला की उभा जातो, टोकावर घेतला की आडवा. कोपऱ्यातल्या विटेसाठी टोक वापरा. भीती वाटते, पण तेच.

डीएक्सबॉलवाली
आम्ही सायबर कॅफेत डीएक्स-बॉल (असाच विटा फोडायचा गेम) पहिल्यापासून माऊसवरच खेळलो, त्यामुळे तुमचं दुःख आज कळलं :)
विटा फुटल्यावर खाली पडणाऱ्या कॅप्सूलींपैकी हिरवी 'सी' सोडू नका, फळीवर झेला. बॉल फळीला चिकटतो, मग नेम धरून सोडायचा. फार वेळ धरलात तर आपोआप सुटतो. आणि 'सी' असताना हावरटपणे निळी 'ई' घेतलीत, तर फळी लांब होते पण चिकटणं जातं. दोन्ही एकदम मिळत नाही.

सांगलीकर
माऊस लावला. तिसरी निघाली! 'ई'चा हावरटपणा मात्र पाचवीत केलाच. आता लॅपटॉप लेकीकडे आहे, मला म्हणाली, "बेल वाजली तर तुम्ही बघा."