खाऱ्या वाऱ्यातली गाडी: पाना घरी चालवायचा की गॅरेजलाच द्यायची?

गुहागरी
आधी मुद्दा मांडतो, मग तुटून पडा. समुद्रापासून पाच-सात किलोमीटरच्या आत राहणाऱ्याने मोटारसायकलची निम्म्याहून जास्त कामं घरी करायला शिकलंच पाहिजे. हौस म्हणून नाही. कंपनीचं सर्व्हिसचं वेळापत्रक किलोमीटर मोजतं, आणि आपल्याकडे गाडी उभ्या उभ्या खराब होते.

दाभोळ-धोपावे फेरीबोटीने रोज ये-जा करणाऱ्याची गाडी जवळून बघा. सायलेन्सरच्या वाकणावर उडालेला तुषार इंजिनाच्या उष्णतेने तिथेच वाळतो आणि पांढुरका थर धरतो. त्याच संध्याकाळी गोड्या पाण्याने धुतला तर काही होत नाही. आठवडाभर राहिला की क्रोमखाली पुरळ उठल्यासारखे ठिपके येतात, मग कितीही पॉलिश घासा. ह्यासाठी पुढच्या सर्व्हिसची तारीख येईपर्यंत थांबणार का?

चेनचंही तसंच. पावसात तांबडी माती चेनमध्ये बसते, वरून मीठ. डिझेलच्या फडक्याने पुसायची, नव्वद नंबरचं गिअर ऑइल आतल्या बाजूने थेंब थेंब सोडायचं आणि ढिलाई बघायची. बहुतेक शंभर-सव्वाशे सीसी गाड्यांना २० ते ३० मिलिमीटर चालते, नेमका आकडा पुस्तिकेत असतो. मात्र चाक फिरवत फिरवत जिथे चेन सगळ्यात ताठ लागते तिथे मोजा, नाहीतर बाकी ठिकाणी बरोबर आणि एका जागी घट्ट, असं होऊन बेअरिंगवर ताण येतो. ऑइल बदलणं, एअर फिल्टर, केबलमध्ये तेल, बॅटरीच्या टोकांना व्हॅसलीन, ड्रम ब्रेक उघडून भुकटी पुसणं, सगळं पडवीत होतं. एवढ्यासाठी गॅरेजात अर्धा दिवस बसायचं आणि शेवटी "चेनसेट बदलायला झालाय" ऐकून यायचं, हे मला पटत नाही.

आटे_गेले
म्हणजे निम्मी कामं तुम्ही करणार, आणि उरलेल्या निम्म्यात गॅरेजवाल्याने तुमची निस्तरायची.

पाना_सतरा
माझा मालवणाकडे गॅरेज. बाबांनो, गाडी धुवा, पुसा, चेनीक तेल सोडा, कोण नाय म्हणना नाय. पण ड्रेन बोल्टाक हात लावताना दहा वेळा इचार करा.

सगळ्यांना कळावं म्हणून पुढचं साध्या मराठीत लिहितो. घरी ऑइल बदललेली गाडी माझ्याकडे येते ती ठरलेल्या दोन तक्रारी घेऊन. पहिली, खालून ऑइल गळतंय. ड्रेन बोल्ट लोखंडाचा, इंजिनाचं केसिंग ॲल्युमिनियमचं. लोक सतराच्या पान्यावर पाइप चढवून दम लावतात, आणि केसिंगचे आटे बोल्टाबरोबर तारेसारखे बाहेर येतात. छोट्या गाड्यांना तिथे २५-३० न्यूटन-मीटरच्या आसपास टॉर्क, म्हणजे पिळायचा जोर, पुरतो, मनगटाच्या जोराने होतो तेवढा. शिवाय वायसर नवा घातला तर दम लावायची वेळच येत नाही. दुसरी, क्लच घसरतोय. घरात चारचाकीचं उरलेलं ऑइल असतं, तेच ओतलेलं असतं. मोटारसायकलचा क्लच त्याच ऑइलमध्ये बुडालेला असतो, चारचाकीच्या ऑइलमधले घर्षण कमी करणारे घटक त्याच्या प्लेटा घसरवतात. डब्यावर जासो एमए किंवा एमए२, म्हणजे अशा ओल्या क्लचला चालणाऱ्या ऑइलची खूण, लिहिलेलं बघून घ्या. ग्रेड पुस्तिकेत असेल ती, शेजारी सांगेल ती नव्हे.

गुहागरी
दादा, तुम्ही सांगितलेल्या दोन्ही गोष्टी शिकून टाळता येतात की. त्यावरून घरी करूच नये असं कुठे निघतं?

पाना_सतरा
शिकणारा येत नाही माझ्याकडे. व्हिडिओ बघून आलेला येतो.

श्रीवर्धनची
गॅरेज की घर हा प्रश्न ज्यांच्या गावात गॅरेज आहे त्यांच्यासाठी आहे. आमच्या वाडीपासून जवळचं गॅरेज बाजारात, आणि पावसात मधला रस्ता कसा असतो ते सांगायला नको. मी गाडी कामासाठी चालवते. क्लच केबलचे धागे लिव्हरपाशी तुटायला लागले की मला दिसतं, कारण मी दर आठवड्याला तिथे तेल सोडते. एक केबल नेहमी सीटखाली असते, बदलायला पंधरा-वीस मिनिटं. गॅरेजात हीच गोष्ट "मॅडम, कोणाला तरी घेऊन या, त्यांना समजावून सांगतो" इथपर्यंत जाते. पाना_सतरा दादा, तुम्ही तसे नसाल, पण तसे पुष्कळ आहेत.

एक मात्र गुहागरींना विचारते. गोड्या पाण्याने धुवा म्हणालात, ते कुठून आणायचं? मे महिन्यात खाडीकडच्या विहिरी मचूळ होतात. त्या पाण्याने गाडी धुवायची म्हणजे मीठ काढून मीठच लावायचं.

गुहागरी
खरं आहे, ताई. तेव्हा मी नळाच्या पाण्यात भिजवून पिळलेल्या फडक्याने सायलेन्सर, रिम आणि आऱ्यांची मुळं पुसतो. धुण्याइतकं होत नाही, पण अर्ध्या बालदीत भागतं.

चाकरमानी_डोंबिवली
आमची गाडी गणपतीनंतर झाकून ठेवतो ती थेट शिमग्याला काढतो. दर वेळी तेच, बॅटरी झोपलेली, पेट्रोलला वास, ह्या वर्षी तर उंदरांनी वायरिंग कुरतडलेलं. घरी काय करणार? आम्ही मुंबईत. मी म्हणतो गॅरेजवाल्याला चार पैसे द्या आणि त्याच्याकडेच ठेवा.

गुहागरी
द्या की. पण निघायच्या आदल्या दिवशी अर्धा तास काढलात तर ते चार पैसेही वाचतील. बॅटरीची निगेटिव्ह वायर सोडा. टाकी काठोकाठ भरा. अर्धी टाकी म्हणजे वर दमट हवा, आणि आता पंपावर वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल असतं, इथेनॉल पाणी ओढून घेतं. पाणी जास्त झालं की ते इथेनॉलसकट तळाशी वेगळं बसतं. लोखंडी टाकीचा तळ आणि इंजेक्शनवाल्या गाडीचा पंप, दोन्ही त्यातच बुडालेले. गाडी मेन स्टँडवर, सायलेन्सरच्या तोंडाला कापडाचा बोळा. नाहीतर कुंभारीण माशी आत मातीचं घर करते. फक्त शिमग्याला बोळा काढायचं लक्षात ठेवा. आणि ताडपत्रीने गच्च बांधू नका, आत घाम धरतो आणि उघड्यापेक्षा जास्त गंज येतो.

खाडीकाठ
इतका वेळ कोणीच न काढलेली गोष्ट काढतो. घरी ऑइल बदललं, मग काढलेलं काळं ऑइल जातं कुठे?

मला माहीत आहे कुठे जातं. थोडं चेनला, थोडं चॅसीला "गंज नको" म्हणून मारतात, आणि उरलेलं माडाच्या मुळाशी नाहीतर गडग्यापलीकडे. आपली जमीन जांभ्याची. चिऱ्याला भोकं असतात, पहिल्या जोरदार पावसात वरचं सगळं खाली झिरपतं, आणि वीस-तीस पावलांवर विहीर. धोकादायक कचऱ्याच्या २०१६ च्या केंद्रीय नियमांप्रमाणे वापरलेलं ऑइल त्याच कचऱ्यात मोडतं. घरोघरी पडवीत सर्व्हिसिंग सुरू झालं तर वाडीच्या विहिरींचं काय होईल? ह्या एका कारणासाठी मी गॅरेजच्या बाजूने. तिथे निदान बॅरल असतं.

गुहागरी
जळकं ऑइल तर ट्रकवालेसुद्धा चॅसीला मारतात, आजचं नाही ते.

पाना_सतरा
मारतात, आणि चुकीचं आहे. त्यात जळून झालेली आम्लं असतात, धातूची पूड असते. रबरी बुश त्याने फुगतात. मागच्या चाकाकडे उडालं तर ब्रेकच्या लायनरवर. आणि धूळ चिकटून जो लगदा होतो तो पाणी धरून ठेवतो, म्हणजे ज्यासाठी मारलं त्याच्या उलटं. चॅसीला मारायचंच तर गंजरोधक रंग मारा, नाहीतर पातळ हात ग्रीसचा.

कणकवली_नाईट
सगळे मेंटेनन्सवरच अडकलात. अपग्रेडचं बोला की! सगळे दिसणारे बोल्ट स्टेनलेसचे बसवले, गंजाची कटकट कायमची संपली. आता एलईडी बल्ब आणि मोकळा सायलेन्सर. तिन्ही कामं घरी होतात.

पाना_सतरा
स्टेनलेसवर बोलतो, कारण हे कोकणात हमखास फसतं. बोल्ट स्वतः गंजत नाही, बरोबर. पण तो ॲल्युमिनियमच्या केसिंगमध्ये बसलाय, आणि वर खारं पाणी. दोन वेगळे धातू आणि मध्ये मिठाचं पाणी, बॅटरीच तयार झाली. त्यात झिजतं ॲल्युमिनियम. आट्यांत पांढरी भुकटी धरते आणि दोन पावसाळ्यांनी बोल्ट असा धरतो की सोडवताना डोकं तुटून हातात येतं. बसवण्याआधी आट्यांना अँटी-सीझ पेस्ट, म्हणजे आटे धरू न देणारा लेप, लावली होती का? नसेल तर आजच एकेक सोडवून लावा, अजून सुटतील.

श्रीवर्धनची
एलईडीचं मला सांगायचंय, भाऊ. हेडलाइटचा आरसा हॅलोजनच्या तारेच्या जागेला धरून बनवलेला असतो. त्यात नुसता एलईडी बल्ब कोंबला की उजेड फुटून समोरच्याच्या डोळ्यात जातो. रात्री अरुंद रस्त्यावर समोरून मी येत असते. आंबोलीत पावसाळी धुक्यात हाच पांढरा उजेड तुमच्याच डोळ्यांवर परत येईल, तेव्हा कळेल.

आटे_गेले
आणि सायलेन्सरसाठी पोलीस वाट बघतायत. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ बघ. कंपनीने दिलेल्या मूळ रचनेत बदल चालत नाही, सर्वोच्च न्यायालयानेही २०१९ मध्ये तेच सांगितलंय. गणपतीत गावभर फट फट करत फिरायचंय एवढंच ना?

कणकवली_नाईट
क्रॅश गार्ड तरी चालेल का, काका?

खाडीकाठ
बरं, ब्रेकवर कोणी बोलणार की नाही? गुहागरींनी ड्रम उघडायचं सहज लिहून टाकलंय.

गुहागरी
ड्रम उघडायचं लिहिलंय, डिस्कचं नाही. दमट हवेत ड्रमचा कॅम जाम होतो, ब्रेक सोडला तरी शू मागे येत नाहीत, चाक तापतं. कॅमला नखभर ग्रीस, लायनरला एक कणही नाही. भुकटी फुंकायची नाही, ओल्या फडक्याने टिपायची. एवढं ज्याला जमतं त्याने करावं.

पाना_सतरा
इथेच माझं-तुमचं जमत नाही. चेन बिघडली तर गाडी थांबते, ब्रेक बिघडला तर थांबत नाही. १ एप्रिल २०१९ पासून १२५ सीसीच्या वरच्या नव्या गाड्यांना एबीएस, म्हणजे चाक जाम होऊ न देणारी यंत्रणा, आणि १२५ पर्यंतच्यांना जोडब्रेक सक्तीचा झाला. जोडब्रेक म्हणजे मागचा ब्रेक दाबला की पुढचाही लागतो. तिथे एका बाजूची ॲडजस्टमेंट हलवली की दुसरी बिघडते, तुमच्या जुन्या गाडीसारखं नाही ते. डिस्कचं ऑइल तर हवेतला ओलावा पितं, कोकणात जास्तच. दोन वर्षांनी बदलायचंच, आणि हवा पूर्ण काढून बदलायचं. हे पडवीत नको.

श्रीवर्धनची
ब्रेक गॅरेजला, बाकी घरी. मला चालेल. पण दादा, खाडीकाठ म्हणाले ते बॅरल. तुमच्या बॅरलमधलं काळं ऑइल पुढे कुठे जातं?

पाना_सतरा
बॅरल भरला काय घेणारो येता, पैसे देता, घेऊन जाता. पुढे खय नेता ता इचारूक होया, ह्या खरा.

खाडीकाठ
विचारा, आणि इथे लिहा. तोवर घरी बदलणाऱ्यांचं ऑइल डब्यात भरून तुमच्याकडे आणलं तर घ्याल का?

पाना_सतरा
आणा. पाणी आणि डिझेल मिसळू नका, आणि डबा परत नेवा.