मराठी ओसीआरची ऐच्छिक पॅकेजेस रीडमीमध्ये कशी लिहायची?

वाचनालयवाली

मंडळी, आमच्या वाचनालयातल्या जुन्या दिवाळी अंकांसाठी मी पायथनमध्ये एक छोटं टूल लिहून ओपन सोर्स केलंय. पीडीएफ दिली की पानं सुटी करतं आणि त्यांना नावं लावतं. मजकूर वाचायचा भाग, म्हणजे ओसीआर, मुद्दाम वेगळा ठेवलाय, कारण निम्म्या लोकांना नुसती पानंच सुटी करून हवी असतात. ज्यांना ओसीआर हवं त्यांनी पिप (पायथनची पॅकेजेस आणणारी कमांड) वापरून इन्स्टॉल करताना नावाला चिकटून चौकटी कंसात ‘ओसीआर’ लिहायचं.

रीडमीच्या, म्हणजे टूलसोबतच्या माहितीच्या फाइलच्या, तळाशी ‘पर्यायी पॅकेजेस’ असा मथळा दिला आणि खाली तीन नावं: पायटेसरॅक्ट, टेसरॅक्ट, मराठीचा डेटा. वाटलं, झालं काम.

तिघांनी वापरून पाहिलं आणि तिघं तीन ठिकाणी अडले. एक निवृत्त सर आहेत. त्यांनी ‘पर्यायी’चा अर्थ पर्यायी रस्त्यासारखा घेतला, घाट बंद असला की दुसरीकडून जायचं तसा. मराठीची फाइल डाउनलोड्समध्ये उतरवली, टेसरॅक्ट टाकलंच नाही. फोनवर म्हणतात, ‘ताई, तिन्हीतलं एक केलंय, तरी चालत नाही.’ त्यांचं काय चुकलं? मला म्हणायचं होतं ‘ऐच्छिक’, लिहिलं ‘पर्यायी’.

दुसरी मुलगी मॅकवाली. तिची गाडी चौकटी कंसापाशीच थांबली: ‘नो मॅचेस फाउंड’.

तिसऱ्याचं ऐकून तर मला झोप लागली नाही. त्याला एरर आलीच नाही! ८० पानं रात्रभर चालवली, सकाळी फाइल उघडली तर मराठीच्या जागी इंग्रजी अक्षरांचा चिवडा. मराठी सापडली नाही तर गुपचूप इंग्रजीवर जायचं, हा शहाणपणा कोडमध्ये मीच करून ठेवला होता.

आता हे सगळं मुख्य इन्स्टॉलेशनमध्येच घालू, की वेगळी फाइल करू? तुम्ही काय करता?

टर्मिनलतात्या

ताई, तुमच्या तीन ओळी एका रांगेत बसणाऱ्या नाहीतच. ते एकावर एक तीन थर आहेत. पायटेसरॅक्ट हे नुसतं वेष्टण. ते पिपने येतं, पण खरं काम करणारा टेसरॅक्ट हा वेगळा प्रोग्राम आहे, तो पिप आणत नाही. आणि टेसरॅक्ट आला म्हणून मराठी आली असंही नाही. डेबियन-उबुंटू या लिनक्सच्या प्रकारांवर त्याच्यासोबत इंग्रजी आणि पानाची दिशा ओळखणारी ओएसडी फाइल येते, बस्स. तेव्हा हे असंच क्रमाने लिहा आणि ‘तिन्ही लागतात’ हे ठळक करा.

मराठीच्या पॅकेजचं नाव लिनक्सच्या निरनिराळ्या प्रकारांत आणि मॅकवर निराळं आहे:
डेबियन, उबुंटू: टेसरॅक्ट-ओसीआर-मार
फेडोरा: टेसरॅक्ट-लँगपॅक-मार
आर्च: टेसरॅक्ट-डेटा-मार
मॅकवर होमब्रू: टेसरॅक्ट-लँग (यात सगळ्या भाषा एकदम येतात, एकटी मराठी मागता येत नाही)

विंडोजच्या इन्स्टॉलरमध्ये जादा भाषांची यादी असते, तिथे मराठीवर खूण करावी लागते. लोक ‘नेक्स्ट, नेक्स्ट’ करत ती यादी न उघडताच पुढे जातात.

आणि टेसरॅक्टला द्यायचा मराठी भाषेचा कोड तीन अक्षरी आहे, एम-ए-आर. संकेतस्थळांच्या सवयीने लोक ‘एम-आर’ देतात आणि तासभर डोकं खाजवतात.

कंसाचं म्हणाल तर २०१९च्या कॅटलिनापासून मॅकवर झेडशेल हाच डिफॉल्ट शेल (टर्मिनलमधल्या कमांड वाचणारा प्रोग्राम) आहे. चौकटी कंस दिसला की तो फाइलची नावं शोधायला जातो. अख्खं नाव अवतरणात घाला. बॅश या दुसऱ्या शेलवरही तसं चालतं, त्यामुळे सगळ्यांसाठी एकच कमांड लिहा.

सरळसोट

एवढा कुटाणा कशाला? ओसीआर सक्तीचंच करा की.

टर्मिनलतात्या

@सरळसोट मग नुसती पानं सुटी करणाऱ्याच्याही गळ्यात टेसरॅक्ट बांधायचा का? शिवाय सक्ती केली तरी पिप तो आणणार नाहीच, हे वर लिहिलंय.

कागदपत्री

मी दुसऱ्या एका प्रकल्पाचं डॉक्युमेंटेशन सांभाळते. ‘ऐच्छिक पॅकेजेस’ हा मथळाच काढ गं. ऐच्छिक ते तुला, कारण कोड तुझा आहे. सरांना अंक वाचून हवाय, त्यांच्यासाठी ते लागणारच. मथळा कामाचा दे: ‘स्कॅन केलेल्या पानातला मजकूर हवा असेल तर’. नुसती पानं सुटी करायची असतील त्यांना तिथेच सांग की हा भाग सोडा.

वेगळी फाइल करू नकोस, कोणी उघडत नाही. खरं तर रीडमीही कोणी पूर्ण वाचत नाही. वाचतात ती एरर. तुझी तर एररच गायब आहे. काम सुरू होण्याआधी टेसरॅक्टला ‘लिस्ट-लँग्ज’ने विचार, यादीत मराठी नसेल तर तिथेच थांब आणि त्या मशीनला लागणारी कमांड जशीच्या तशी छाप.

एक सवय मला फार उपयोगी पडली. नमुन्याचं एक छोटं चित्र सोबत द्यायचं आणि खाली लिहायचं, ‘हे असं दिसलं तर बसलं’.

वाचनालयवाली

सगळ्यांचे आभार. काल रात्री बसून बदललं. इंग्रजीवर पळणारी ओळ उडवली. आता मराठी नसेल तर टूल पहिल्याच पानाआधी थांबतं. नमुन्याच्या चित्रात ‘जळगाव, धुळे, कळवण’ एवढंच छापलंय. कमांड चालवली की तीन गावं दिसली पाहिजेत.

तात्यांचे तीन थर वेगवेगळ्या ओळींत घातले आणि प्रत्येकाखाली तो थर बसला का हे बघायची कमांड दिली. मॅकवालीने अवतरणं घालून करून पाहिलं, तिचं चाललं.

सर आज संध्याकाळी परत बसणार आहेत. त्यांच्याकडे विंडोज आहे, म्हणून त्या भाषांच्या यादीचा स्क्रीनशॉट काढून लाल गोल करून टाकतेय. तोवर त्यांना फोनवर एवढंच सांगितलंय की नेक्स्ट दाबायची घाई करू नका.